चार आकड्यांचा एकच मुक्काम

वाचकहो, आजचा मजकूर नुसता वाचायचा नाही, करून पाहायचा आहे. घरात पाटी असेल तर पाटी घ्या, नसेल तर एखादा पाठकोरा कागद आणि पेन्सिल घ्या आणि दिव्याजवळ बसा. सातवी-आठवीतले पोर असेल तर त्यालाही शेजारी ओढा. वजाबाकी त्याने करावी, तपासणी तुम्ही करावी. मोबाईलमध्ये गणकयंत्र असते हे आम्हाला ठाऊक आहे, पण आज ते खिशातच राहू द्या. हातचा घेऊन वजाबाकी करण्यातच आजची गंमत आहे.

एक चार आकडी संख्या घ्यायची. कोणतीही चालेल, फक्त चारही आकडे एकसारखे नकोत, म्हणजे ११११ किंवा ५५५५ नको. आपण सर्वांच्या ओळखीचे एक साल घेऊ, १९७२. ज्यांनी त्या दुष्काळात खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांच्या घरात हे साल अजून बोलण्यात येते.

आता १९७२ मधले चार आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, म्हणजे ९७२१. मग तेच आकडे लहानाकडून मोठ्याकडे मांडा, म्हणजे १२७९. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे आकडे घेऊन पुन्हा हेच करा. पुन्हा उत्तर येईल, पुन्हा हेच. पाहा काय होते:

९७२१ − १२७९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

येथे थांबू नका, आणखी एकदा करा. ६१७४ चे आकडे उतरत्या क्रमाने ७६४१, चढत्या क्रमाने १४६७. वजाबाकी येते ६१७४. पुन्हा करा, पुन्हा ६१७४. गाडी येथून पुढे हलतच नाही.

दुसरी संख्या घेऊ. शेतकऱ्याच्या घरात सातबारा नाही असे होत नाही, तेव्हा ७ आणि १२ मिळून ०७१२ घ्या. पुढचे शून्य आकडा म्हणून धरायचे. ७२१० मधून ०१२७ गेले, उरले ७०८३. मग ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, उरले पुन्हा तेच ६१७४. दुष्काळाचे साल सात पावलांत पोचले, सातबारा तीनच पावलांत पोचला.

आता आपल्या घरातली साले घ्या. आजीच्या जन्माचे साल, विहिरीला पाणी लागले ते साल, धाकटीच्या लग्नाचे साल. बैलजोडी किंवा ट्रॅक्टर कितीला पडला तो आकडा चार आकडी असेल तर तोही घ्या, आणि पाच आकडी असेल तर शेवटचे चार घ्या. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या होतात. त्यांतल्या एकसारख्या आकड्यांच्या दहा सोडल्या तर उरलेल्या ९,९९० पैकी प्रत्येक संख्या फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन टेकते. एकही चुकत नाही. आठवे पाऊल कोणालाच टाकावे लागत नाही.

एकच काळजी घ्यावी. मधल्या एखाद्या वजाबाकीत उत्तर तीनच आकडी आले तर त्याच्या पुढे शून्य लिहून चार आकडे पुरे करावे. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ येतात. ते ०९९९ असे लिहून ९९९० मधून वजा करावे, म्हणजे ८९९१ मिळतात आणि गाडी पुढे चालू लागते. शून्य विसरले तर ९९९ मधून ९९९ जाऊन हाती काहीच राहत नाही, आणि मग पोरे म्हणतात की हे गणितच खोटे.

हा शोध लावणारा माणूस आपल्याच मुलखातला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ साली डहाणूला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाचे खरेखोटे काही असो, त्यात आकडेमोड पुष्कळ करावी लागते, आणि मुलाला आकडेमोडीची गोडी लागली ती घरातूनच. शाळा ठाण्याला झाली, पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली पदवी मिळाली आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांनी कधी घेतली नाही, कोणत्या विद्यापीठात ते प्राध्यापक नव्हते. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ, एवढ्याच भांडवलावर त्यांचे काम चालले.

६१७४ ची ही करामत त्यांना सापडली १९४६ साली. १९४९ साली मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली, आणि १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकेतल्या नियतकालिकात तिच्यावरचा त्यांचा लेख आला. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी मात्र या कामाकडे पोरखेळ म्हणूनच पाहिले. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने ते शिकवण्या करीत असत. १९८६ साली देवळालीतच ते वारले. आज जगातले गणिती ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. त्यांच्या जन्मसालाचे आकडे घेऊन पाहा, १९०५. ते सुद्धा पुरी सात पावले चालायला लावते.

हे असे का होते, ते पाहिल्याशिवाय मात्र उठू नका. कारण कळले नाही म्हणजे गणिताचा चमत्कार होतो, आणि चमत्कार झाला की त्याच्याभोवती दुकान मांडणारे येतात. आकडा लावणाऱ्यांपैकी कोणी उद्या तुमच्या घरच्या माणसाला सांगेल की सगळे आकडे अखेर ६१७४ वर येतात, तेव्हा यातून उद्याचा आकडा काढता येतो. तसे मुळीच नाही. ६१७४ येते ते आपण एका ठरलेल्या नियमाने वजाबाकी करतो म्हणून. मटक्यातला उद्याचा आकडा आजच्या आकड्यातून कोणत्याही नियमाने निघत नाही. ज्याला आकडे लावायचे त्याचे घर गणिताने वाचत नाही, आणि कायद्यानेही तो गुन्हाच आहे. असो.

कारण समजण्यासाठी आधी लहान गावाला जाऊ, म्हणजे तीन आकडी संख्येला. तीन आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी केली की मधला आकडा दोन्हीकडे मधेच राहतो आणि कटतो. उरतो तो फक्त पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक. तो फरक १ असेल तर उत्तर ९९, २ असेल तर १९८, ३ असेल तर २९७, असे ९९ च्या पाढ्याने जायचे. ९ च्या वर फरक जाऊ शकत नाही, म्हणून उत्तरे नऊच: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. संख्या तुम्ही कोणतीही घेतलेली असो, पहिल्या वजाबाकीनंतर तुम्ही या नवांपैकी एका घरात असता. आता या नवांची पुढची वाट पाहा. ०९९ चे होतात ८९१. ८९१ चे ७९२. ७९२ चे ६९३. ६९३ चे ५९४. ५९४ चे ४९५. आणि ४९५ चे पुन्हा ४९५. ८९१ पासून विहिरीच्या पायऱ्या उतरावे तसे दर पायरीला ९९ कमी होत जातात आणि ४९५ च्या तळाला पाय टेकतात. उरलेली १९८, २९७ आणि ३९६ ही तिघे याच पायऱ्यांवर मधून उतरतात: पहिले ७९२ वर, दुसरे ६९३ वर, तिसरे ५९४ वर. झाले. तीन आकड्यांचा मुक्काम ४९५, आणि का ते आपण पुरते पाहिले. काही शिल्लक ठेवले नाही.

चार आकड्यांचेही असेच आहे, फक्त वाट थोडी लांबची. येथे दोन फरक धरायचे. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला तो बाहेरचा फरक, आणि मधल्या दोघांतला तो आतला फरक. बाहेरच्या फरकाला ९९९ ने गुणा, आतल्या फरकाला ९० ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, की वजाबाकीचे उत्तर तयार. १९७२ घ्या. आकडे ९, ७, २, १. बाहेरचा फरक ८, आतला ५. ८ गुणिले ९९९ म्हणजे ७९९२, ५ गुणिले ९० म्हणजे ४५०, मिळून ८४४२. वर आपले पहिले उत्तर तेच आले होते की नाही?

म्हणजे चार आकडे कोणते होते याला महत्त्व नाही, त्यांतले दोन फरक तेवढे महत्त्वाचे. बाहेरचा फरक १ ते ९ असतो आणि आतला कधीच बाहेरच्यापेक्षा मोठा नसतो. अशा जोड्या मोजल्या तर ५४ भरतात. ९,९९० संख्या, आणि पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरे! त्यांतही कित्येकांत आकडे तेच असतात, फक्त जागा बदललेल्या असतात, आणि आपण ते पुन्हा क्रमाने मांडणारच असल्याने त्या जागांचा प्रश्न राहत नाही. असे एकसारखे एकत्र केले की उरतात ३०. पावसाचे पाणी जसे शेताशेतातून चरात येते, चरातून ओहोळात आणि ओहोळातून एका तळ्यात, तसे हे आहे. ९,९९० शेते, ५४ चर, ३० ओहोळ आणि तळे एक. त्या तीस ओहोळांच्या वजाबाक्या एका रात्रीत करून होतात. धीर असेल त्याने कराव्या, एकही दुसरीकडे वळत नाही असे त्याला आपल्या डोळ्यांनी दिसेल.

आणि तळे ६१७४ वरच का? त्याचे दोन फरक काढा. आकडे ७, ६, ४, १. बाहेरचा फरक ६, आतला २. ६ गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, २ गुणिले ९० म्हणजे १८०, बेरीज ६१७४. स्वतःच्या फरकांतून स्वतःच उभी राहणारी चार आकडी संख्या ही एकच. म्हणून येथे आलेले पाणी पुढे वाहत नाही.

दोन आकड्यांना असा मुक्काम नाही. ५२ घ्या: ५२ वजा २५ म्हणजे २७, ७२ वजा २७ म्हणजे ४५, ५४ वजा ४५ म्हणजे ०९, ९० वजा ०९ म्हणजे ८१, ८१ वजा १८ म्हणजे ६३, आणि ६३ वजा ३६ म्हणजे परत २७. घाण्याच्या बैलासारखे गोल गोल. दोन्ही आकडे सारखे नसले की कोणतीही दोन आकडी संख्या अखेर याच घाण्याला जुंपली जाते. पाच आकड्यांतही एक मुक्काम नाही, तेथे तीन वेगवेगळी रिंगणे आहेत. त्यांतले सर्वांत लहान रिंगण दोघांचेच: ५३९५५ चे ५९९९४ होतात आणि ५९९९४ चे ५३९५५.

आता ६१७४ या संख्येकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. वर पाहिलेली करामत ही आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची आहे. आपण दहादहाचे गट करून मोजतो, म्हणून हे आकडे दिसतात. कणसांचा ढीग केला आणि त्यात ६,१७४ कणसे असली, तर त्या ढिगाला उतरता क्रम नाही आणि चढता क्रमही नाही. पण काही गुण ढिगाचेही असतात. ६,१७४ रोपे असतील तर ती ६३ ओळींत ९८ प्रमाणे बरोबर बसतील, एकही उरणार नाही. ६ + १ + ७ + ४ मिळून १८ होतात, आणि १८ ओळी केल्या तर प्रत्येकीत ३४३ रोपे येतील. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद' असे नाव दिले होते, म्हणजे आनंद देणारी. ६१७४ तशी हर्षद आहे. शिवाय ३४३ म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७. आणि १८ चा वर्ग ३२४, घन ५८३२. या दोन्हींत १८ मिळवा, बेरीज ६१७४ होते. हे मात्र शोभेचे समजावे. त्याचा वरच्या वजाबाक्यांशी काही संबंध नाही.

शोभा पुरे झाली, आता कामाचे. वरच्या प्रत्येक उत्तरातले आकडे मिळवून पाहा. ८४४२ ची बेरीज १८. ५९९४ ची २७. ५३५५ ची १८. प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, आणि याचे कारण तुमच्या हिशोबाच्या वहीत उपयोगी पडणारे आहे. एखादा आकडा दशकाच्या जागी असतो तेव्हा त्याची किंमत दहापट असते, एककाच्या जागी गेला की एकपट. फरक नऊपट. शतकावरून दशकावर गेला तर फरक नव्वदपट. तेव्हा तेच आकडे नुसते इकडचे तिकडे झाले तर मूळ संख्या आणि नवी संख्या यांतला फरक नेहमी ९ ने भागला जातो.

हिशोबात सर्वांत जास्त होणारी चूक कोणती? आकडे उलटे लिहिले जाणे. उसाच्या वजनाच्या पावतीवर १२,७४० किलो असतात आणि घरच्या वहीत १२,४७० उतरतात. दुधाच्या पुस्तकात ८६३ रुपये आणि तुमच्या कागदावर ८३६. हात घाईत असतो, डोळे थकलेले असतात, कोणाच्या मनात काही वाईट नसते. पण महिन्याच्या शेवटी दोन बेरजा जुळत नाहीत. मग संस्थेच्या लोकांशी वाद होतो आणि घरात चिडचिड होते. अशा वेळी सारी पाने पुन्हा मिळवत बसण्याआधी नुसता फरक घ्यावा आणि त्याला ९ ने भागून पाहावे.

८६३ आणि ८३६ चा फरक २७. नऊ त्रिक सत्तावीस, भाग पुरा गेला. आता तीन हा भागाकारही काही सांगतो. ज्या दोन आकड्यांची जागा बदलली त्यांच्यात ३ चा फरक आहे, आणि चूक एकक-दशकात आहे. ६ आणि ३, बरोबर. उसाच्या पावतीत फरक २७०. ९ ने भागल्यावर ३०. शेवटी शून्य आले म्हणजे चूक एक घर डावीकडे, दशक-शतकात, आणि आकड्यांत पुन्हा ३ चा फरक: ७ आणि ४. आता सबंध वही चाळायची नाही. फक्त ज्या नोंदींत शेजारच्या दोन आकड्यांत तीनचे अंतर आहे तेवढ्याच पावत्यांशी ताडून पाहायच्या.

शून्य गळाले तरी हीच खूण सापडते. ४,५०० च्या जागी ४५० लिहिले गेले तर फरक ४,०५०. ९ ने भागल्यावर येतात ४५०, म्हणजे चुकून लिहिलेली रक्कमच समोर उभी राहते. तेवढी रक्कम वहीत शोधावी.

एवढे लक्षात असू द्या की ही खूण आहे, पुरावा नव्हे. फरक दुसऱ्याच कशानेही पडला असेल, तरी नवांतून एकदा तो योगायोगाने ९ ने भागला जाणारच. आणि फरकाला ९ ने भाग गेला नाही तर चूक नुसत्या उलट्या आकड्यांची नाही हे मात्र पक्के. मग एखादी नोंद गळाली आहे का, दोनदा लिहिली आहे का, कपात धरायची राहिली आहे का, ते पाहावे.

जुन्या शिक्षणाच्या आजोबांना नवाचा ताळा ठाऊक असेल. गुणाकार झाला की ते आकड्यांच्या बेरजा करून ताळा पाहतात आणि ताळा जमला की पाटी खाली ठेवतात. ताळा चांगलाच आहे, पण उलट्या आकड्यांच्या बाबतीत तो आंधळा आहे. १२,७४० च्या आकड्यांची बेरीज १४, आणि १२,४७० चीही १४. आकडे तेच, बेरीज तीच, ताळा दोन्हीकडे जमणार! म्हणून पावतीवरून वहीत उतरवलेली रक्कम ताळ्याने तपासून उपयोग नाही. ती बोट ठेवून एकेक आकडा वाचूनच तपासावी, आणि जमले तर एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहावे. पोरांना हे काम द्यायला हरकत नाही, त्यांचे डोळे ताजे असतात.

याच आंधळेपणावर उपाय म्हणून व्हरहॉफ नावाच्या डच गणित्याने १९६९ साली एक वेगळी पद्धत काढली. तिच्यात मूळ संख्येच्या शेवटी एक जादा आकडा पहारेकरी म्हणून उभा करतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे झाले, तर तो पहारेकरी ते ओळखतो. आपल्या आधार क्रमांकातला शेवटचा, बारावा आकडा याच पद्धतीने काढलेला असतो. आधारचा क्रमांक सांगताना एखादा आकडा मागेपुढे झाला तर यंत्र तो घेत नाही ते यामुळे. तुमच्या वहीतल्या रकमांना मात्र असा पहारेकरी नाही. तेथे पहारा घरच्यांनीच करायचा.

जाता जाता कापरेकर मास्तरांच्याच पोतडीतले एक कोडे पोरांसाठी ठेवतो. ४५ चा वर्ग २०२५. या वर्गाचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांनाही आज कापरेकर संख्या म्हणतात. तीन आकड्यांतली एक सांगून टाकतो: २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. आता ५० आणि ६० यांच्या दरम्यान अशीच एक संख्या आहे. तिचा वर्ग चार आकडी आहे, त्याचे दोन-दोन आकड्यांचे तुकडे केले की त्यांची बेरीज मूळ संख्या होते. नऊच संख्या तपासायच्या आहेत, तेव्हा पाटी अजून पुसू नका.